मुलांना नेटवरचं खरं-खोटं कसं कळावं? सीमाभागातल्या पालकांचे आणि मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतले पालक आणि आठवीपासून पीयूसीपर्यंतची (म्हणजे बारावीपर्यंतची) मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. मी हायस्कूलला शिकवते. उत्तरं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वर्गातली मुलंच होती. कुठं उत्तर लांबलं असेल तर तिथला प्रश्नच तसा आहे.

आमचा मुलगा मोबाईलमध्ये आमच्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. त्याला खरं-खोटं कळत नाही, असं तुम्ही कसं म्हणता?

मोबाईल चालवता येणं आणि मोबाईलवर आलेलं पारखता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं मुलं आपसूक शिकतात. दुसरं कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते आपण शिकवलेलं नाही.

'असर २०२४' या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के होती, सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के. म्हणजे मुलांना जगाची खबर मिळते ती बहुतेक रील आणि फॉरवर्डमधून.

पारखण्याचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथल्या मुलांना हेच करायला लावलं. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की मधल्या इयत्तांतल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना पैसे देऊन छापलेली जाहिरात बातमीच वाटली. त्या मजकुरावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असूनही! पुढे २०१९ मध्ये त्यांनी हायस्कूलच्या ३,४४६ मुलांना एक अंधूक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या निवडणुकीत मतपेट्यांमध्ये बोगस मतं कोंबली जातायत, असा त्याचा दावा होता. व्हिडिओ खरा होता, पण रशियातला. ५२ टक्के मुलांनी तो भक्कम पुरावा म्हणून मान्य केला. समोर इंटरनेट चालू होतं, शोधायची मुभा होती. तरी तीन हजारांवर उत्तरांमध्ये मूळ व्हिडिओपर्यंत पोचलेली उत्तरं फक्त तीन निघाली.

ती मुलं काही ढ नव्हती. 'हे कुठून आलं?' असं विचारायची त्यांना सवयच नव्हती. आपल्या मुलांची गोष्ट यापेक्षा वेगळी असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

मग मुलं नेमकं कशावरून खरं ठरवतात?

दिसण्यावरून. लोगो आहे, शिक्का आहे, अक्षर नीटनेटकं आहे, लाखभर लोकांनी बघितलंय, खाली शंभर कॉमेंट आहेत, वर्गातल्या सगळ्यांनी स्टेटसला ठेवलंय, एवढं त्यांना पुरतं. फोटो असेल तर बघायलाच नको.

पावसाळ्यातलं एक उदाहरण घेऊ. जुलैमध्ये धो-धो पाऊस लागतो, खानापूर भागात ओढे-नाले रस्त्यावर येतात आणि जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात. सुट्टीचा आदेश कन्नडमध्ये असतो. वर राज्याची मुद्रा, खाली सही-शिक्का. मग रात्री नऊ-दहाला ग्रुपवर तसाच एक कागद पुन्हा येतो आणि 'उद्या सुट्टी!' म्हणून पोरं नाचायला लागतात. तो कागद वर्गात सावकाश बघायला लावला की मुलांना एकेक गोष्ट दिसू लागते. तारखेचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा थोडे जाड आहेत आणि ओळीतून खाली उतरलेत. तारखेपुढे वार लिहिलाय, पण कॅलेंडर काढलं तर त्या दिवशी तो वार येतच नाही. जावक क्रमांकात गेल्या वर्षीचं साल तसंच राहिलंय. आणि कित्येकांच्या ध्यानातच येत नाही, की आदेशात तालुक्यांची नावं दिलेली असतात. आपला तालुका त्यात आहे की नाही हे न वाचताच तो पुढे ढकललेला असतो.

एवढं सापडलं की मुलं खूष होतात. पण मी त्यांना तिथंच थांबू देत नाही. उद्या कुणी आकडे नीट जुळवून कागद बनवला, तर? म्हणून कागद कितीही चांगला दिसला तरी जिल्हा प्रशासनाचं अधिकृत पान किंवा मुख्याध्यापकांचा निरोप बघायचा. तिथं असेल तर सुट्टी, नसेल तर दप्तर भरायचं.

एखादं पान नीट, शेवटपर्यंत वाचलं तर कळत नाही का?

दुर्दैवानं नाही. नीट वाचा, लक्ष देऊन वाचा, असं आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं सांगत आलो. धड्यासाठी ते बरोबरच आहे. अनोळखी वेबसाईटवर मात्र तेच अंगलट येतं, कारण फसवणारानं पान आपण वाचावं म्हणूनच सजवलेलं असतं.

स्टॅनफर्डच्याच सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक तुलना मांडली. इतिहासाचे पीएचडी झालेले अभ्यासक, विद्यापीठातले हुशार विद्यार्थी आणि बातम्यांची तपासणी करणारे व्यावसायिक, अशा तीन गटांना त्यांनी सारखीच कामं दिली. मुलांच्या डॉक्टरांच्या दोन अमेरिकी संघटनांची पानं त्यात होती. एक संघटना हजारो सदस्यांची, जुनी आणि मान्यताप्राप्त; दुसरी तिच्यातून फुटलेला छोटा गट, नाव मात्र जवळपास तसंच आणि पानही तितकंच देखणं. अभ्यासक आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि त्यांच्यातले बरेच जण चकले. तपासनीसांनी ते पान जेमतेम बघितलं, लगेच शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. थोड्या वेळात त्यांना उलगडा झाला.

आपल्याकडे मुलीसाठी स्थळ आलं तर आपण काय करतो? मुलाकडचे सांगतात तेवढ्यावर कुणी मुलगी देत नाही. त्यांच्या गल्लीत, गावात, पाहुण्यांत चौकशी करतो. वेबसाईटचंही तसंच आहे. तिच्या 'आमच्याविषयी' या पानावर ती स्वतःबद्दल वाईट लिहिणार नाही.

समजा, शिष्यवृत्तीची एखादी नवी वेबसाईट आली आणि ती नोंदणी फी मागते आहे. तिथं फॉर्म भरत बसू नका. दुसरी खिडकी उघडा, तिचं नाव आणि सोबत 'फसवणूक' किंवा 'तक्रार' असा शब्द टाकून शोधा. कर्नाटक सरकारच्या शिष्यवृत्त्यांसाठी राज्याचं एसएसपी पोर्टल आहे. ती शिष्यवृत्ती तिथं दिसते का ते बघा. पत्त्याकडेही लक्ष द्या. सरकारी पत्ता 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' नं संपतो. संपतो हे महत्त्वाचं, कारण मध्ये कुठंतरी 'गव्ह' घालून शेवटी 'डॉट कॉम' लावणं कुणालाही जमतं.

सीमाभागातल्या मुलांची अडचण वेगळी आहे का?

आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपण राहतो कर्नाटकात, पण बघतो मराठी चॅनेल, वाचतो मराठी पोस्ट, आणि त्यातल्या बहुतेक महाराष्ट्रातून येतात. बातमी शंभर टक्के खरी असते, फक्त आपल्याला लागू नसते.

'दहावीचा निकाल उद्या' असं चॅनेलवर आलं, की एसएसएलसीची, म्हणजे आपल्याकडच्या दहावीची, मुलं घाबरीघुबरी होतात. तो निकाल महाराष्ट्र मंडळाचा असतो. आपली परीक्षा कर्नाटकच्या मंडळाची, ६२५ गुणांची. तिचं वेळापत्रक वेगळं, निकालाची वेबसाईट वेगळी. २०२४ मध्ये आपल्याकडे वर्षात तीन परीक्षा देता येऊ लागल्या, हे तर महाराष्ट्रातल्या मार्गदर्शन व्हिडिओत कधीच येणार नाही.

घरातल्या बायकांच्या योजनांचं तसंच. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये महाराष्ट्र सरकार देतं. आपल्याकडे गृहलक्ष्मी आहे, महिना २,००० रुपये, ऑगस्ट २०२३ पासून, आणि ते रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला मिळतात. 'लाडक्या बहिणीचा फॉर्म इथं भरा' अशी लिंक आली आणि आईनं मुलीला भरायला सांगितली, तर आधार क्रमांक, बँकेचा तपशील असं सगळं परक्याच्या हातात जातं.

पण 'महाराष्ट्राचं काहीच आपल्याला नाही' हा नियमही पक्का धरता येत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली होती. म्हणून मुलांना दोन प्रश्न घोटून घ्यायला लावावेत: हे कुठल्या सरकारचं, आणि यात आपलं गाव धरलंय का? हे दोन प्रश्न पुण्या-मुंबईच्या मुलाला कधी पडत नाहीत. आपल्या मुलाला रोज पडायला हवेत.

भाषेवरून, सीमाप्रश्नावरून एखादी क्लिप आली की आमची पोरं पेटतात. त्यांना काय सांगायचं?

सगळ्या प्रश्नांत हा मला जास्त जवळचा आहे.

सीमाप्रश्न आपल्याकडे बातमीपुरता नाही, तो घराघरात आहे. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आजोबा, वडील आणि आता नातू त्याबद्दल बोलतायत. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या घरातल्या मुलाला 'तू शांत राहा' एवढंच सांगितलं तर तो ऐकणार नाही, आणि का ऐकावं? त्याचा राग खोटा नाही. मात्र तो राग कुठं आहे हे बाहेरच्याला माहीत असतं, आणि नेमकी तिथंच काडी टाकली जाते.

डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं, बससेवा अडकली, आणि मोबाईलवर तर जाळच होता. १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. बैठकीनंतर त्यांनी सांगितलं, की मोठ्या नेत्यांच्या नावानं काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी हे प्रकरण चिघळवलं आणि त्याबद्दल गुन्हे नोंदवले जातील. म्हणजे ज्या वाक्यांवरून दोन्हीकडची माणसं खवळली होती, त्यातली काही त्या नेत्यांनी लिहिलेलीच नव्हती. हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मी मुद्दाम सांगते. आपल्या रागाचा उपयोग भलत्यानंच करून घेतला, हे त्यांना उपदेशापेक्षा जास्त झोंबतं.

आता क्लिप हातात आली तर काय बघायचं? बस दिसते आहे ना, तिची नंबरप्लेट बघा. केए २२ म्हणजे बेळगाव, केए २३ म्हणजे चिकोडी, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर. दुकानांच्या पाट्या वाचा, गावाचं नाव बहुतेक वेळा तिथंच सापडतं. क्लिप 'आत्ताची' म्हणतात आणि महिना जुलैचा आहे, मग रस्ता कोरडा खडखडीत आणि एकाच्याही हातात छत्री नाही, हे कसं? त्यानंतर जुन्या घटना आठवा. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य' असं लिहिलेला फलक हटवल्यावर झालेला लाठीमार, डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावातल्या अनगोळला, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर पेटलेलं शहर, यांचे व्हिडिओ नेटवर पडून आहेत. कुणीही ते उचलून 'आजची घटना' म्हणून टाकू शकतो.

शेवटचं सांगणं काही पालकांना आवडत नाही, तरी सांगते. कन्नड पेपरही बघा. आपल्या मुलांना कन्नड वाचता येतं, शाळेत ते शिकतात. एकच घटना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पेपरांत वाचली की जागा, वेळ, जखमी किती, पोलिसांनी कुणाला धरलं, यातलं जे दोन्हीकडे सारखं येतं ते बहुधा पक्कं असतं. जिथं दोघांचं जमत नाही तिथं एक दिवस थांबावं. कन्नड बातमी वाचल्यानं मराठीपण कमी होत नाही. उलट जो मुलगा मराठी, कन्नड, हिंदी आणि थोडं इंग्रजी वाचतो त्याला फसवणं फार अवघड. ही ताकद पुण्यातल्या मुलाकडेही नाही आणि बेंगळुरूतल्याही नाही. आपण ती वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एका फॉरवर्डनं असं काय मोठं बिघडतं?

माणूस मरतो.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. पुढे दोन आठवड्यांच्या आत, १३ जुलैला, आपल्याच राज्यात बीदर जिल्ह्यातल्या मुर्की गावाजवळ हैदराबादच्या एका तरुण इंजिनिअरचा जीव गेला. मित्रांबरोबर फिरायला आला होता, वाटेत शाळेच्या पोरांना चॉकलेटं दिली, एवढंच निमित्त. ते तिथून निघाले, पण त्यांच्या गाडीचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढच्या गावात त्यांच्याआधी पोचला.

त्या दिवसांत दुचाकीवरून मूल उचलून नेण्याची जी क्लिप सगळीकडे फिरत होती, ती कराचीतल्या एका संस्थेनं लोकजागृतीसाठी केलेल्या चित्रफितीतली होती. मूळ चित्रफितीत शेवटी मूल परत आणून सोडतात आणि 'मुलांकडे लक्ष ठेवा' असा संदेश येतो. शेवट कापला, की उरतं ते अपहरण.

त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपनं 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. दोन बाण असलेली खूण दिसली तर तो निरोप निदान पाच हातांतून पुढे गेलेला असतो. मुलांना सांगा, दोन बाण दिसले की पाठवणारा मित्र असला तरी लिहिणारा अनोळखी आहे असं समजायचं.

खोटं इतकं वेगानं का पसरतं?

कारण ते नवं आणि चकित करणारं असतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि हे काम यंत्रांपेक्षा माणसांनीच जास्त केलं होतं. भर म्हणून, एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं. हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ पासून दाखवून दिलं आहे. चार ग्रुपवरून एकच निरोप आला म्हणजे चार साक्षीदार झाले नाहीत.

फोटो जुना आहे की आजचा, हे मुलं स्वतः शोधू शकतात का?

सहज. स्क्रीनशॉट काढा, गुगल लेन्समध्ये टाका, तोच फोटो आधी कुठं कुठं आला ते दिसतं. 'कृष्णेला आलेला पूर' म्हणून आलेला फोटो तीन वर्षांपूर्वी आसामच्या नावानं छापला गेला असेल तर दोन मिनिटांत कळतं. व्हिडिओ असेल तर एखादं ठळक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. मूळ सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं मात्र नाही.

एआयनं बनवलेला व्हिडिओ किंवा आवाज कसा ओळखायचा?

नुसतं बघून ओळखता येईल या भ्रमात राहू नका. बोटं सहा आहेत का, डोळे लवतात का, या खुणा एकेकाळी कामी यायच्या. आता भरवसा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच तरुणीच्या व्हिडिओवर चिकटवला गेला आणि लाखो लोकांनी तो खरा मानला. म्हणून इथंही उगमच शोधायचा: हे सगळ्यात आधी कुणी टाकलं, आणि जबाबदार बातमीदारांपैकी कुणी दिलंय का?

आवाजाची गोष्ट तर घरातच ठरवून ठेवा. 'मामा बोलतोय, ॲक्सिडेंट झालाय, लगेच पैसे पाठव' असा फोन अनोळखी नंबरवरून आला तर तो ठेवायचा आणि मामाच्या जुन्या नंबरवर आपण लावायचा. आणि यूपीआयवर पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, हे लहान-मोठ्या सगळ्यांनी पाठ करावं.

चॅटबॉटला विचारून गृहपाठ करणाऱ्या मुलांसाठी एवढंच: तो नसलेल्या पुस्तकाचं नावही ठासून सांगतो. त्यानं सांगितलेली तारीख आणि नाव पाठ्यपुस्तकात किंवा दुसरीकडे बघितल्याशिवाय वहीत उतरवू नये.

यूट्यूबवरच्या गावातल्या चॅनेलवर विश्वास ठेवायचा की पेपरवर?

वैर कुणाशीच नको. गावातला चॅनेलवाला पुष्कळदा पेपरच्या आधी जागेवर पोचतो आणि खरंही सांगतो. फरक बघायचा तो जबाबदारीचा. छापील पेपरात कुठंतरी, बहुतेक शेवटच्या पानाच्या तळाशी, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं आणि पत्ता असतो. ते छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. मुलांना घरातला पेपर घेऊन ती बारीक ओळ शोधायला लावा. मग त्यांच्या आवडत्या चॅनेलवर तेवढीच माहिती सापडते का ते बघू द्या. नाव नाही, पत्ता नाही, चूक झाली तर सांगायचं कुणाला याचा पत्ता नाही, असं असेल तर सावध राहावं.

१९१९ पासून निघणाऱ्या बेळगावच्या 'तरुण भारत' सारख्या पेपरवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या विसंबून राहिली. पेपरवाल्यांच्याही चुका होतात. चूक झाल्यावर खुलासा छापणारा पेपर मला जास्त भरवशाचा वाटतो.

विकिपीडिया वापरलेला चालतो का?

सुरुवातीला चालतो. एखाद्या संस्थेबद्दल झटपट अंदाज घ्यायला तो चांगला आहे, आणि खालच्या संदर्भांतून मूळ स्रोताकडे जाता येतं. मराठी विकिपीडियावरची काही पानं तोकडी आहेत, म्हणून इंग्रजी आणि कन्नड पानही उघडावं. सीमाप्रश्नासारख्या वादाच्या विषयावर तिन्ही पानांत काय आलंय आणि काय गाळलंय हे ताडून बघणं, हा नववी-दहावीसाठी फार चांगला प्रकल्प होईल.

एसएसएलसीचा पेपर टेलिग्रामवर मिळतो म्हणतात. खरं?

पैसे घेऊन 'उद्याचा पेपर' विकणारे बहुतेक जण जुन्या सराव प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान बदलून विकतात. परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरलेली मुलं हीच त्यांची गिऱ्हाइकं. मंडळाच्या वेबसाईटवर नमुना प्रश्नपत्रिका फुकट असतात. आणि एखाद्या वर्षी पेपर खरोखर फुटला, तर तो घेणाऱ्यावरही गुन्हा होऊ शकतो. याबद्दल यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही.

हे सगळं शिकवल्यावर माझी मुलगी म्हणते, 'सगळंच खोटं असतंय.' आता काय करू?

हा धोका खरा आहे, आणि खोट्यावर विश्वास ठेवण्याइतकाच वाईट आहे. कशावरच विश्वास नाही म्हणणारं मूल शेवटी जे मनाला गोड लागेल तेच धरून बसतं. त्यामुळे मी वर्गात जेवढे खोटे निरोप दाखवते तेवढेच खरेही दाखवते, आणि 'हे खरं का?' याची कारणं मुलांनाच शोधायला लावते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारख्या वेळी धरणांतून किती पाणी सोडलं, कुठला पूल बंद झाला, कुठली गावं हलवायची, अशा खऱ्या निरोपांनी नदीकाठच्या माणसांचे जीव वाचतात. तसा निरोप 'काहीतरी फॉरवर्ड आलंय' म्हणून कुणी डावलला तर? मुलीला विचारा, 'बरं, मग यातलं काय काय पक्कं आहे असं तुला वाटतं, आणि का?' तिला उत्तर सुचेपर्यंत थांबा.

आमचे आजोबाच ग्रुपवर खोटं टाकतात. मी लहान, त्यांना कसं सांगू?

ग्रुपवर सगळ्यांसमोर कधीही सांगू नको. 'फेक आहे हे' असं लिहिलंस की त्यांचा मान जातो, आणि ते दुसऱ्या दिवशी हट्टानं आणखी दोन टाकतात. जवळ जाऊन बस. 'आज्जा, हे कुठनं आलं ओ तुमच्याकडं? पाठवलं कोणी? चला की, दोघं मिळून बघू,' असं म्हण आणि फोन त्यांच्याच हातात राहू दे. मूळ फोटो सापडला तर त्यांनाच बोटानं सरकवू दे. पुष्कळ आजोबा मग स्वतःच म्हणतात, 'काढ बघू ते तिथनं.' काकांना सांगायचं असेल तर वेगळा मेसेज कर: 'काका, तुम्ही पाठवलेलं जुनं आहे असं दिसतंय, सवडीनं बघा.' एवढं पुरतं.

मोबाईल काढूनच घेतला तर?

शेजारच्या पोराच्या मोबाईलवर बघेल, आणि तुम्हाला विचारायचंही बंद करेल. वेळ ठरवून द्या, रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, जेवताना नको. हे सगळं करा. पारखायला मात्र फोन हातात असतानाच शिकवावं लागतं.

मराठीतून तपासून देणारं कुणी आहे का?

आहे. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांच्या मराठी आवृत्त्या आहेत. केंद्र सरकारच्या योजना आणि आदेशांबद्दलचे दावे सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाचं पीआयबी फॅक्ट चेक तपासतं. ऑल्ट न्यूज, बूम हिंदी-इंग्रजीतून लिहितात. तरी येळ्ळूर किंवा नंदगडातल्या अफवेची तपासणी दिल्ली-मुंबईचं कुणी करेल याची वाट बघू नका. त्यासाठी त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावणं हाच जवळचा रस्ता.

हे शाळेत शिकवायला वेळ कुठं आहे?

फार लागत नाही. अमेरिकेत एका जिल्ह्यातल्या हायस्कूलमध्ये नेहमीच्या शिक्षकांनी ५० मिनिटांच्या फक्त सहा तासिका घेतल्या, आणि ज्यांनी त्या घेतल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा ती मुलं पारखण्यात पुढे गेली. आपल्या शेजारच्या केरळमध्ये कन्नूर जिल्ह्यानं सरकारी शाळांतून 'सत्यमेव जयते' नावाचा असाच उपक्रम चालवला होता. समाजविज्ञानाच्या तासाला आठवड्यातून एकच निरोप घ्या, पण तो मुलांच्या मोबाईलवर त्याच आठवड्यात आलेला असू द्या. पाठ्यपुस्तकातलं तयार उदाहरण नको. त्यात मुलांचा जीव रमत नाही.

माझ्या मुलीचा फोटो बदलून कुणीतरी पसरवलाय. आधी काय करू?

आधी मुलीला सांगा की चूक तिची नाही. मग काहीही डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट काढा. त्यात खात्याचं नाव, तारीख, वेळ आणि लिंक दिसली पाहिजे. त्यानंतर त्या ॲपमध्येच तक्रार नोंदवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथंही नोंदवा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकं पैसे अडवणं अवघड. मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाईन आहे. पोलीस ठाण्यात जाताना अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलात तर काम लवकर होतं. लिहायला अडलं तर शाळेतल्या कन्नडच्या सरांना किंवा बाईंना सांगा, ते लिहून देतात. शाळेलाही कळवा, म्हणजे तो फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरत असेल तर त्याच दिवशी थांबवता येतो.